तारा जुन्याच ठेवून दिवसा वीज कशी पोचेल?

राज्याचं ऊर्जा खातं, वीज नियामक आयोग आणि पारेषण-वितरणाचं नियोजन करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना खुलं पत्र

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला शेतकरी. त्याआधी आयुष्यभर ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होतो. शेतीचे फिडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या विजेच्या लाईनी) रात्री चालू करायचं काम माझ्याकडे असायचं. ब्रेकर (फिडरचा मोठा स्विच) लागला की पाच मिनिटांत शिवारात जागोजागी बॅटऱ्या चमकायला लागायच्या. माणसं थंडीत, चिखलात दारं धरायला बाहेर पडलेली असायची. रात्रीच्या पाण्यात कुणाला साप चावला, कुणी ओल्या पेटीला चिकटला, कुणाच्या बांधावर बिबट्या बसलेला निघाला. त्या बातम्या सकाळी आमच्या उपकेंद्रातच पहिल्यांदा यायच्या. त्यामुळे शेतीला दिवसा वीज मिळाली पाहिजे, हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. सौरऊर्जा आली याचा मला मनापासून आनंद आहे. हे पत्र तिच्या विरोधात वाचू नका.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि उद्दिष्ट वाढत वाढत १६ हजार मेगावॅटवर गेलं. कल्पना उत्तम आहे. उपकेंद्राजवळ, पाच-दहा किलोमीटरच्या आत प्रकल्प उभा करायचा, तिथली वीज तिथल्याच फिडरना द्यायची, लांबून वीज आणताना होणारी गळती वाचवायची. गावठाणाचे आणि शेतीचे फिडर आपल्याकडे आधीच वेगळे केलेले होते, म्हणून हे इथे जमू शकलं. जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. आमच्यासारख्या कोरडवाहू भागात हा आधार मोठा आहे.

मग तक्रार कशाची? आमच्या उपकेंद्राशेजारी प्रकल्प उभा राहिला, काचा चमकायला लागल्या, आणि शेतीच्या दोन्ही गटांना दिवसा वीज द्यायचं ठरलं. उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर तोच राहिला. ३३ केव्हीची लाईन तीच राहिली, ओढ्याकाठच्या बाभळींतून जाणारी, वाऱ्यात झोल खाणारी. लाईन आणि ट्रान्सफॉर्मर कधी वाढणार असं विचारल्यावर, प्रकल्पाच्या कामात ते धरलेलं नाही, असं उत्तर मिळालं. ते उत्तर देणाऱ्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांच्या हातात हा निर्णय नव्हता, तो तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

ही अडचण बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्वी शेतीची वीज चक्राकार असायची. एका गटाला दिवसा तर दुसऱ्याला रात्री, पुढच्या पाळीला उलट. समजा एका उपकेंद्रावर चार-चार मेगावॅटचे दोन गट आहेत. चक्राकार पद्धतीत त्या ट्रान्सफॉर्मरवर शेतीचा भार एका वेळी चारच मेगावॅट. आता दोन्ही गट दिवसा, म्हणजे भार आठ. स्वच्छ उन्हात बारा-एक वाजता यातला मोठा वाटा शेजारचा सौरप्रकल्प उचलतो आणि ट्रान्सफॉर्मरला फक्त उरलेला फरक सोसावा लागतो. तेव्हा सगळं छान चालतं आणि उद्घाटनाचे फोटोही त्याच वेळचे असतात. पण सकाळी नऊला आणि दुपारी चारनंतर प्रकल्प निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली असतो. आभाळ भरून आलं तर भर दुपारी तो एकदम खाली बसतो. त्या क्षणी जवळजवळ आठच्या आठ मेगावॅट त्याच जुन्या ट्रान्सफॉर्मरवर आणि त्याच जुन्या तारेवर येतात. ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. तो गेला की सौरप्रकल्पही बंद पडतो, कारण जाळ्यातली वीज गेल्यावर इन्व्हर्टरने (सौर वीज जाळ्याला चालेल अशी करणाऱ्या यंत्राने) थांबायचं, हा सुरक्षेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. गावातली माणसं मला विचारतात, ऊन तर पडलंय, प्रकल्प समोर दिसतोय, मग लाईट का नाही? हे कारण त्यांना शासनानं कधी समजावलेलं नाही. त्यांना वाटतं, वीज दुसरीकडे विकली.

पुन्हा लाईट आली की दुसरा घोळ सुरू होतो. निम्म्याहून जास्त पेट्यांना ऑटो (वीज येताच मोटार आपोआप चालू करणारं यंत्र) बसवलेले. फिडर चालू झाला की सगळ्या मोटारी एकाच सेकंदाला उठायला बघतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपीचे (शिवारातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) फ्यूज उडतात, नाहीतर फिडर पुन्हा ट्रिप. ऑटो काढा असं शेतकऱ्यांना सांगून हे सुटणार नाही. ज्याला लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, तो ऑटो बसवणारच. आठ तासांचा भरवसा द्या, ऑटो आपोआप निघतील.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. परतीचा पाऊस पडून गेला की आमच्याकडे पंप बंद असतात आणि ऊन मात्र ऑक्टोबरचं, कडक. तेव्हा प्रकल्पाची वीज घ्यायला फिडरवर कुणीच नसतं. ती उलटी फिरून ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्हीच्या लाईनवर चढते आणि व्होल्टेज वाढत जातं. संध्याकाळच्या कमी व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) वर करून ठेवलेला असतो, त्यामुळे दुपारी ते आणखी वाढतं. अनेक जुन्या उपकेंद्रांत टॅप हाताने बदलावा लागतो, तोही ट्रान्सफॉर्मर बंद करून. दिवसातून दोनदा कोण करणार? मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो आणि तयार झालेली वीज वाया जाते. आमच्या वस्तीवर मोटारी जळाल्या, माझीही जळाली. रिवाइंडिंगचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे बहरातल्या डाळिंबाचं पाणी चुकतं. आजच्या इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज सांभाळायची सोय असते. ती वापरायची की नाही, हे करारातल्या अटींवर आणि सेटिंगवर ठरतं. ती अट घालणं आणि ती पाळली जाते का हे तपासणं तुमचं काम आहे.

व्होल्टेजचा प्रश्न खेड्यातल्या उपकेंद्रापुरता आहे असं समजू नका. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी जवळजवळ अख्खा स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेला. नंतरच्या चौकशीत वाढत गेलेल्या व्होल्टेजवर आणि ते आवरणाऱ्या अपुऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवलं गेलं. दोष सूर्याचा नव्हता. व्होल्टेज धरून ठेवायची जबाबदारी कोणत्या केंद्रावर, कोणत्या यंत्रावर, हे त्या दुपारी पुरेसं बसवलेलं नव्हतं. आपल्याकडे राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीत बसून मोठ्या वीजकेंद्रांवर नजर ठेवतं. पण दोन-चार मेगावॅटचे शेकडो प्रकल्प विखुरलेले असतील, तर त्यांचा क्षणाक्षणाचा आकडा तिथे दिसायला हवा. नाहीतर त्या खुर्चीवरच्या माणसाला फक्त एवढंच कळेल की मागणी अचानक घटली किंवा अचानक वाढली. का घटली, का वाढली, हे कळणार नाही. सौर आणि पवन विजेच्या अंदाजाचे नियम आयोगाने २०१८ मध्येच केले. ते लहान प्रकल्पांपर्यंत, फिडरपर्यंत खाली उतरवायला हवेत.

तिसरी गोष्ट लिहिताना माझा हात जड होतो. ती लाईनवर काम करणाऱ्या पोरांची आहे. पूर्वी लाईन एकाच बाजूने जिवंत असायची. उपकेंद्रातून लाईन बंद असल्याचं परमिट घेतलं, आयसोलेटर (लाईन तोडणारा स्विच) उघडला, अर्थिंग केलं म्हणजे तार जमिनीला जोडली, की माणूस निर्धास्त खांबावर चढायचा. आता वीज दोन बाजूंनी येऊ शकते. इन्व्हर्टर थांबतो हे खरं, पण खांबावर चढणाऱ्याने यंत्राच्या भरवशावर जीव टाकायचा नसतो. दोन्ही बाजू उघड्या आहेत हे डोळ्यांनी बघायचं आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं, हा आमच्या कामाचा धर्म. प्रकल्प खाजगी कंपनीचा, तिचा माणूस कधी जागेवर असतो, कधी फोनवर. परमिटच्या कागदावर दोघांच्या सह्या असल्याशिवाय काम सुरू होता कामा नये. फोनवरच्या ‘बंद केलंय हो’ एवढ्या शब्दांवर मी माझ्या काळात कुणाला खांबावर चढू दिलं नसतं. आणि वायरमनच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय हे वाढलेलं जाळं सांभाळणार कोण? एकेका पोराकडे चार-चार गावं आहेत.

आता संध्याकाळ. दुपारी वीज जास्त होते आणि सूर्य कलला की घराघरांतले दिवे, पंखे, टीव्ही, शहरातले एसी एकदम मागायला लागतात. दीड-दोन तासांत हजारो मेगावॅटची भरपाई दुसरीकडून करावी लागते. कोळशाचे संच दुपारी फार खाली नेता येत नाहीत. ५५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांपर्यंत उतरायची तयारी ठेवा, असे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले, पण जुन्या संचांना रोजची ही चढउतार सोसत नाही.

अशा वेळी धावून येते आमची कोयना. माझ्याच जिल्ह्यातली. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प, त्यातला चौथा टप्पा एकटा १,००० मेगावॅटचा, काही मिनिटांत उभा राहतो. ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं देशानं दिवे मालवले आणि मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली गेली. जाळं कोसळलं नाही, कारण देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी आणि भार प्रेषण केंद्रांतल्या माणसांनी ते तोलून धरलं. पण कोयनेवर किती भार टाकायचा? पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी वाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे आणि ती योग्य आहे, कारण त्याच पाण्यावर खाली कृष्णाकाठची शेती उभी आहे. म्हणजे वापरलेलं पाणी दुपारच्या स्वस्त विजेवर पुन्हा वर चढवणाऱ्या योजना हव्यात. घाटघरची २५० मेगावॅटची अशी योजना २००८ पासून चालू आहे. कोयना धरणाच्या डाव्या तीरावरची ८० मेगावॅटची योजना मात्र वर्षानुवर्षे रखडली. ती वेळेत झाली असती, तर आज तिची किंमत प्रत्येक संध्याकाळी कळली असती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांचे, म्हणजे अशाच पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या योजनांचे, मोठे करार जाहीर होत आहेत. साठवण हवीच. पण कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसते, हेही याच जिल्ह्यातलं सत्य आहे. नवा प्रकल्प करताना आधी पुनर्वसन, मग काम. हा क्रम बदलू नका.

शिवाय साठवण म्हणजे प्रत्येक वेळी नवं धरण किंवा परदेशी बॅटरीच असं नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या उपसा योजनांचे प्रचंड पंप आपल्याकडे आहेत. पाणी वर चढवून तलावात सोडलं की ते दुपारी चढवलं काय आणि मध्यरात्री काय, पिकाला फरक पडत नाही. विजेच्या जाळ्याला मात्र फार मोठा फरक पडतो. दुपारी अकरा ते तीन हे पंप पूर्ण ताकदीने चालवले, तर वाया जाणारी वीज खपेल, व्होल्टेज आटोक्यात राहील आणि थकलेल्या वीजबिलांपायी बंद पडणाऱ्या या योजनांचा खर्चही उतरेल. यासाठी जलसंपदा आणि ऊर्जा या दोन खात्यांनी एकत्र बसून वेळापत्रक करायचं आहे. मंत्रालयात ही खाती किती लांब आहेत मला माहीत नाही, पण आमच्या शेतात ती एकाच पाइपातून येतात.

पवनचक्क्यांचंही तसंच. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या लहान चक्क्या अजून उभ्या आहेत. पावसाळ्यात ऊन कमी आणि वारा जोरात, उरलेलं वर्ष उलट. जुन्या चक्क्या बदलून तिथेच सौरही बसवलं, तर एकच लाईन वर्षभर कामाला येईल.

घरांच्या छतांबद्दल थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि लोक कर्ज काढून पॅनेल बसवत आहेत. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवायच मंजूर समजायचा आहे आणि पाच किलोवॅटपर्यंत लागणारी जाळ्याची सुधारणा वितरण कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. माझ्या मुलीला मात्र ‘डीपी भरली आहे’ असं तोंडी सांगून परत पाठवलं गेलं. लेखी द्या म्हटल्यावर लेखी काही मिळालं नाही.

सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून ती स्वस्त, असं तुम्ही सांगता. प्रकल्पाच्या फाटकापाशी ती स्वस्त आहेच. फाटकापासून माझ्या मोटारीपर्यंतचा ट्रान्सफॉर्मर, तार, रिले (बिघाड ओळखून लाईन तोडायला लावणारं यंत्र), माणसं आणि संध्याकाळची साठवण यांचा खर्च त्या तीन रुपयांत नाही. तो कुठे तरी करावाच लागणार. आज केला नाही, तर जळालेल्या मोटारी आणि बुडालेलं पीक या रूपाने तो आम्ही करतो. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत अर्धा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, अभिमानच वाटला. पण क्षमता आणि प्रत्यक्ष युनिट यांत फार अंतर असतं. त्या अंतराचा हिशेब तुम्ही लोकांसमोर मांडत नाही, हीच माझी मूळ तक्रार आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट लिहितो.

प्रत्येक उपकेंद्राचा तक्ता जाहीर करा: ट्रान्सफॉर्मरची क्षमता, त्यावरचा सर्वाधिक भार, जोडलेला सौरप्रकल्प, अजून किती जागा शिल्लक, आणि काल शेतीला किती तास थ्री फेज वीज मिळाली. हा तक्ता मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मोबाइलवर दोन्हीकडे असावा.

ट्रान्सफॉर्मर, ३३ केव्ही लाईन आणि रिले यांचं काम पुरं झाल्याशिवाय कोणताही सौर फिडर ‘पूर्ण’ म्हणून मोजू नका. पुढच्या निविदांमध्ये हा खर्च धरा. योजनेचं यश ठरवायचं ते मेगावॅटवर नाही, मोटारीच्या पेटीपाशी योग्य व्होल्टेजने मिळालेल्या तासांवर. दिवसाचे आठ तास मिळाले नाहीत तर किती भरपाई आणि ती कोण देणार, हे आयोगाने आदेशात लिहावं.

दोन्ही गटांना एकाच मिनिटाला वीज सोडू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने फिडर चालू करा. याला एक पैसाही लागत नाही आणि ते उद्यापासून करता येईल.

नव्या सौर निविदांबरोबर प्रकल्पक्षमतेच्या किमान दहा टक्के आणि दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला आहे. उपकेंद्रालगतच्या प्रकल्पांनाही तो बंधनकारक करा. उपसा योजनांचं दुपारचं वेळापत्रक यंदाच्या हंगामापासून लावा.

दोन्ही बाजूंच्या सहीचं लेखी परमिट सक्तीचं करा, आणि सौर फिडर असलेल्या प्रत्येक उपकेंद्राला पूर्ण वेळ प्रशिक्षित माणसं द्या.

छतावरच्या सौरचा अर्ज अडवायचा असेल तर कारण लेखी आणि मुदतीत द्या.

आणि आयोगाला एक विनंती. दरवाढीच्या सुनावण्या मोठ्या शहरांत आणि संगणकाच्या पडद्यावर होतात, सविस्तर कागद इंग्रजीत असतात. सौर फिडरबद्दलची एक तरी सुनावणी तालुक्याच्या गावी घ्या, कागद मराठीत द्या. उपकेंद्राची रोजची नोंदवही समोर ठेवू द्या. त्या वहीत कोणत्या दिवशी किती वाजता कोणता फिडर का गेला, हे तिथल्या यंत्रचालकाच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

आमच्याकडे रब्बीची पाणीपाळी नोव्हेंबरात सुरू होते. ज्या उपकेंद्रांवर सौरप्रकल्प जोडलेले आहेत पण ट्रान्सफॉर्मर आणि लाईन जुनीच आहे, त्यांची तालुकावार यादी आणि प्रत्येक कामाची तारीख त्याआधी जाहीर करावी.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक आणि शेतकरी
तालुका माण, जिल्हा सातारा